माप नेमकं कधी सरकतं? वारंवार रिजेक्ट होणाऱ्या प्रिसिजन जॉबचं मूळ धातूत कसं शोधायचं

संध्याकाळी पास केलेला जॉब (मशीनवर घडवलेला पार्ट) सकाळी नापास. आपल्या मायक्रोमीटरवर बरोबर, गिऱ्हाइकाच्या क्यूसीत (तपासणीत) बाहेर. पहिल्या बारचे सगळे पीस उत्तम, दुसरा बार लावला आणि सगळं बिघडलं. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत ज्याचं लहानसं मशीन शॉप आहे, त्याला यातली एक तरी तक्रार ओळखीची वाटेल. उपायही ठरलेले असतात. ऑपरेटरला झापायचं, इन्सर्ट (टूलचं पातं) बदलून बघायचा, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) चाळत बसायचं, आणि हे सगळं संपलं की मशीन जुनं झालं म्हणायचं. चार दिवस बरे जातात, पुढच्या लॉटला पुन्हा तेच.

मशीन खराब असू शकतंच. पण खराब मशीन बहुधा रोज खराब असतं. लॉट बदलला, बार बदलला, ऋतू बदलला की येणारी-जाणारी तक्रार असेल तर संशय आधी मालावर घ्या. ड्रॉइंगवर ‘ईएन ८’ (मध्यम कार्बनचं स्टील) किंवा ‘एसएस ३०४’ (स्टेनलेस) लिहिलेलं असतं ते रसायन. तो बार थंड ओढलेला की गरम लाटलेला, नॉर्मलाइज (तापवून हवेत थंड) केलेला की तसाच, प्लेट ताणून तिच्यातला तणाव काढलाय की नाही, यातलं काही त्या नावात नसतं. व्यापाऱ्याला विचारलं तर उत्तर येतं, “माल तो बराबर ज छे.” ते खोटंही नसतं. सर्टिफिकेटवरचे कार्बन-मँगनीजचे आकडे खरोखर बरोबर असतात. त्रास देते ती मालाची अवस्था, आणि ती कुणी विचारलेलीच नसते.

म्हणून शोध सुरू करताना फरक किती मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) पडला याच्याआधी तो कधी पडला ते बघा. जॉब पकडीत असतानाच? पकड सुटल्यावर? थंड झाल्यावर? हीट ट्रीटमेंटहून परत आल्यावर? की गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बसल्यावर? यासाठी एक लॉट कंटाळा न करता मोजावा लागतो. पाच पीसवर नंबर घाला आणि प्रत्येक टप्प्यावर एकाच माणसाने, एकाच उपकरणाने मोजून वहीत लिहा. हे फारसं कुणी करत नाही. सगळे शेवटचं माप घेतात आणि त्यावरून सुरुवातीच्या कारणाचा अंदाज बांधतात.

पकड सुटताच आकार बदलतो

सर्वांत जास्त तक्रारी या टप्प्यावरच्या. ईएन ८ चा २५ मिमीचा ब्राइट बार, त्याचा ४०० मिमी लांबीचा शाफ्ट, एका बाजूला कीवे (चावी बसायची खाच). टर्निंगनंतर सरळ असतो, कीवे मारून व्हाइसमधून काढला की केळ्यासारखा.

ब्राइट बार थंड अवस्थेत डायमधून ओढून काढतात. तेव्हा बाहेरची कातडी आणि आतला गाभा सारखे ताणले जात नाहीत. साधारणपणे कातडीत खेच राहते आणि गाभ्यात दाब. बार अखंड गोल आहे तोवर दोघं एकमेकांना तोलून धरतात. कीवेने एका अंगाची खेचलेली कातडी काढून टाकली की समोरचं अंग वरचढ होतं आणि शाफ्ट वाकतो. फुगीर बाजू येते ती कीवेची. निदानाला ही गोष्ट फार उपयोगी आहे. पाच शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवा, डायल (वाक दाखवणारा काटा) लावा आणि प्रत्येकाची फुगीर बाजू खडूने खुणा करून ठेवा. पाचही कीवेकडे फुगले असतील तर मालातला तणाव हेच कारण. प्रत्येकाचा वाक वेगळ्या दिशेला असेल तर सेंटर (टोकांवरची आधाराची भोकं) नीट पडलेत का, बार रॅकवर कसे पडून होते, हे तपासा.

खात्री हवी असेल तर एकाच बारचे दोन तुकडे घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा हीट ट्रीटमेंटवाल्याकडून ६०० अंश सेल्सियसच्या आसपास स्ट्रेस रिलीव्ह करून आणा. जाडीच्या दर २५ मिमीला साधारण तासभर मुरवायचा आणि भट्टीतच हळूहळू थंड करायचा, घाईने बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचा नाही. मग दोन्हींना एकाच सेटिंगवर कीवे मारा. दोघांतला फरक पाहिल्यावर वाद घालायला काही उरत नाही.

यावरचा आवडता उपाय म्हणजे हातप्रेसवर सरळ करणं. शाफ्ट सरळ दिसतो, पण प्रेसने जुन्या तणावावर नवा चढवलेला असतो, तो ग्राइंडिंगला किंवा वापरात गेल्यावर पुन्हा तोंड वर काढतो. दुसरा आवडता उपाय खर्चिक आहे: ईएन ८ वाकतो म्हणून ईएन २४ (महाग अलॉय स्टील) मागवायचा. इथे बऱ्याच जुन्या, अनुभवी लोकांचाही घोटाळा होतो. साधं कार्बन स्टील असो की अलॉय स्टील, त्याचा लवचिकतेचा गुणांक (ताठपणाचं माप) २०५ ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. ईएन २४ तुटायला, कायमचा वाकायला जास्त जोर लागतो हे खरं, पण टूलच्या जोराखाली तात्पुरता लवतो तो ईएन ८ इतकाच. लांब बारीक शाफ्ट टर्निंगमध्ये मधोमध जाड राहत असेल तर ग्रेड बदलून एक मायक्रॉनही फरक पडणार नाही. स्टेडी (मधला आधार) लावा, कट हलका करा.

ईएन १९ टी किंवा ईएन २४ टी घेतल्यावर कधी कधी वाक खरोखर कमी होतो. त्याचं कारण वेगळं आहे. टी अवस्थेतला बार हार्डन करून मग ५५० ते ६५० अंशांच्या आसपास टेंपर केलेला असतो आणि तेवढ्या तापमानाला बराचसा तणाव निघून जातो, अर्थात नंतर तो थंडच दाबून सरळ केलेला नसेल तर. म्हणजे पैसे मोजले अलॉयचे आणि कामाला आली भट्टी. ताकदीची गरज नसेल तर गरम लाटलेला, नॉर्मलाइज केलेला आणि वरची साल काढलेला ईएन ८ घ्या, काम स्वस्तात होतं. ब्राइट बारच वापरायचा असेल तर क्रम बदला: व्यासावर अर्धा मिमी ठेवून रफ टर्निंग, मग कीवे, आणि शेवटी सेंटरमध्ये धरून फिनिश. वाक यायचा तो आधी येऊ द्या, फिनिशिंगमध्ये तो कापला जातो.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटची गोष्ट उलट्या अंगाने तीच. ६०६१ किंवा ६०८२ ची प्लेट टी६ (विझवून मग मंद तापवून कडक केलेली अवस्था) करताना सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांवरून पाण्यात विझवतात. कातडीत दाब राहतो, गाभ्यात खेच. एका बाजूने मोठा पॉकेट (खळगा) काढला की क्लॅम्प सोडताच प्लेटचे कोपरे उचलले जातात. हाच माल टी६५१ अवस्थेत घेतला तर विझवल्यानंतर तो दीड ते तीन टक्के ताणून तणाव मोडलेला असतो. एक्स्ट्रूड केलेल्या पट्टीला त्याच अर्थाने टी६५११ म्हणतात. आपल्या बाजारात मात्र अजून ‘एचई ३०’ म्हणूनच माल मागतात. एचई ३० म्हणजे ६०८२, एचई १५ म्हणजे २०१४, एचई ९ म्हणजे ६०६३. यातलं एकही नाव प्लेट ताणलेली आहे का ते सांगत नाही. प्लेटवरचा छाप वाचा. छाप नसेल तर ती साधी टी६ समजूनच प्रोसेस लावा: दोन्ही बाजूंनी आळीपाळीने रफिंग, एक मिमी शिल्लक, क्लॅम्प पूर्ण सोडून एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने पकडून फिनिश. फिक्स्चरच्या बेस प्लेटसारखं काम असेल, म्हणजे ताकद फारशी नको पण सपाटपणा हवा, तिथे कास्ट टूलिंग प्लेट घ्या. ती कमी ताकदीची, पण सरळ राहते.

पातळ रिंग गोल न राहण्याची तक्रारही याच टप्प्यावर येते, पण तिथे माल आणि पकड वेगळे करून बघावे लागतात. रिंगला तीन उंचवटे असतील तर जॉब धरणारा तीन जॉचा चक दोषी. अ‍ॅल्युमिनियमचा गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे स्टीलच्या तिसरा हिस्सा, तेव्हा स्टीलला चालणारं चकचं प्रेशर अ‍ॅल्युमिनियमला तिप्पट दाबतं. दोन उंचवटे, म्हणजे सरळ लंबगोल, असतील तर ट्यूबमधल्या तणावाकडे बघा. यातली मेख अशी की तीन उंचवट्यांची रिंग मायक्रोमीटरने दोन टोकांत मोजली तर सगळीकडे जवळजवळ सारखंच माप देते. आपण पास म्हणतो, गिऱ्हाईक राउंडनेस टेस्टरवर लावून परत पाठवतो. घरच्या घरी व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावली तरी ही चोरी पकडता येते.

थंड झाल्यावर माप कमी, उन्हाळ्यात जास्त

मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. बडोद्यात शेडखाली २० अंश उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आसपास मिळतात. मे महिन्यात ४० सहज होतात. ‘जॉब आणि गेज दोन्ही एकाच शेडमध्ये आहेत, मग फरक कसा?’ असं विचारतात. जॉब स्टीलचा असेल तर प्रश्न रास्त आहे, दोघं बरोबरीने वाढतात. अ‍ॅल्युमिनियम मात्र एका मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पितळ १९ ते २०, एसएस ३०४ सुमारे १७ आणि साधं स्टील ११ ते १२.

१२० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा बोअर (आतलं भोक) ३८ अंशांवर मोजलात, तर २० अंशांच्या तुलनेत तो सुमारे ५० मायक्रॉन मोठा झालेला असतो. स्टीलची मास्टर रिंगही (गेज जुळवायची रिंग) सुमारे २५ ने वाढलेली असते. राहिला २५ मायक्रॉनचा फरक. या मापाला एच७ (ड्रॉइंगवर दिलेला टॉलरन्सचा वर्ग) ची पूर्ण टॉलरन्स ३५ मायक्रॉन आहे. आपण मधोमध पकडला म्हणून पाठवलेला बोअर गिऱ्हाइकाच्या एसी रूममध्ये लहान भरतो, आणि ‘तुमच्याकडे मोजायचं कळत नाही’ असा मेल येतो. हिशोब ठरलेला आहे, त्यामुळे उपायही ठरलेला आहे: शेडच्या भिंतीवर थर्मामीटर लावा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या लक्ष्यमापात तापमानाप्रमाणे दुरुस्ती करा. त्याहून सोपं म्हणजे मास्टर पीस जॉबच्याच धातूचा करून घ्या, तो २० अंशांवर मोजून आणा आणि जॉबशेजारी त्याच ग्रॅनाइटवर ठेवा.

स्टेनलेसची भानगड यात आणखी एका कारणाने वाढते. एसएस ३०४ उष्णता वाहून नेण्यात फार मंद आहे. साधं स्टील सुमारे ५०, तर हे १६ वॅट प्रति मीटर केल्विन. कापताना झालेली उष्णता लवकर पसरत नाही, निघत नाही. मशीनवरून उतरवून लगेच मोजलेला ५० मिमीचा जॉब गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तो १३ मायक्रॉन जाड दिसतो. एच७ ची निम्मी टॉलरन्स तिथेच गेली. वर ऑपरेटर त्या मापावर ऑफसेट देतो आणि पुढचा पीस लहान होतो. यात ऑपरेटरचा दोष शून्य. त्याला अर्धा तास थांबायची मुभाच नसते.

३०४ मध्ये टूल घासलं की पृष्ठभाग कडक होतो, मग पुढचा हलका कट त्या कडक थरावर सरकतो आणि माप इकडे तिकडे पळतं. इथे फिनिश कट फार बारीक ठेवणं नुकसानीचं, टूलला थराच्या खाली जाऊ द्या. वेल्डिंग नसेल आणि जॉब ओल्या, खारट जागी जाणार नसेल तर ३०३ घ्यायला गिऱ्हाइकाची लेखी परवानगी मागा. गंधकामुळे ३०३ छान कापला जातो, पण गंज सोसण्यात आणि वेल्डिंगमध्ये तो ३०४ च्या मागे आहे. फार्माच्या मशीनचा जॉब असेल तर विषयच काढू नका, तिथे ३१६एलच लागतो.

भट्टी आणि प्लेटिंगहून परत

ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) हार्डन केल्यावर काही ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची रचना) बदलायचं राहून जातं. ते पुढे हळूहळू मार्टेन्साइट (विझवल्यावरची कडक रचना) होतं आणि जॉब वाढतो. गेज, पिन, बुश यांच्यात ‘सहा महिन्यांनी टाइट झालं’ ही तक्रार बऱ्याचदा यातून येते. मापाचं काम असेल तर विझवल्यावर लगेच शून्याखाली ७०-८० अंशांना नेऊन मग टेंपर करायला सांगा. जॉब फार वेडावाकडा होत असेल तर ओएचएनएसऐवजी (तेलात हार्डन होणारं टूल स्टील) हवेत हार्डन होणारं डी२ बघा, तेल टाळल्यावर धक्का कमी बसतो. नुसता पृष्ठभागच कडक हवा असेल तर ईएन ४१बी घेऊन नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं). ५००-५२० अंशांचं काम, विझवणं नाही.

१७-४ पीएच (तापवून कडक होणारं स्टेनलेस) मऊ अवस्थेत फिनिश करून ४८२ अंशांवर एक तास एजिंग (तापवून कडक करणं) केलं तर तो आकसतो, ०.०४ ते ०.०६ टक्के. ५० मिमीला २० ते ३० मायक्रॉन. हे दर वेळी साधारण तेवढंच होतं, तेव्हा आधीच माप वाढवून ठेवा.

हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर (ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक ऑक्साइड) सुमारे निम्मा आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनच्या थराने बाहेरचा व्यास ५० मायक्रॉन वाढतो, बोअर तेवढाच लहान होतो. ड्रॉइंगवरचं माप अ‍ॅनोडायझिंगच्या आधीचं की नंतरचं, हे लेखी विचारून घ्या. यावरून झालेली भांडणं मोजायची म्हटली तर वही पुरणार नाही.

गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये गेल्यावर

अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बेअरिंग सैल होतं, ही तक्रार आली की पहिली शंका बोअर मोठा गेल्याची घेतात. परत आलेलं हाउसिंग मोजलं तर बोअर बरोबर. ६२०६ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिमी. मशीन चालून हाउसिंग ७० अंशांना गेलं की अ‍ॅल्युमिनियम आणि बेअरिंग स्टील यांच्या वाढीतला फरक ३४ मायक्रॉनच्या आसपास होतो. थंड असताना हाताने दाबून बसणारं बेअरिंग गरम झाल्यावर बाहेरच्या रेससकट (कड्यासकट) फिरणारच. बोअर कितीही अचूक काढलात तरी ही तक्रार जाणार नाही. बेअरिंगच्या जागी स्टीलची किंवा कास्ट आयर्नची स्लीव्ह घाला, किंवा हाउसिंगच कास्ट आयर्नचं करा. निदान फिट चालू तापमानाच्या हिशोबाने घट्ट ठेवा, आणि हे डिझाइन करणाऱ्याला आकड्यांसकट लिहून कळवा. आपण मशीनिंगवाले म्हणून गप्प बसलो तर पुढचा लॉटही आपल्याच दारात परत येतो.

स्टेनलेसला गंज ही दुसरी. इथे घाईघाईने ‘माल नकली’ म्हणू नका. साध्या स्टीलवर वापरलेला ग्राइंडिंग व्हील, तेच व्हाइस, तोच तारेचा ब्रश स्टेनलेसवर लागला की लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात तेच गंजतात. नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडचं पॅसिव्हेशन (लोखंडाचे कण धुऊन काढणं) करून ठिपके परत येतात का ते बघा. आले नाहीत तर माल ठीक होता. आले तर मालाची तपासणी करा, पण लोहचुंबकाने नको. थंड काम झालेलं खरं ३०४ सुद्धा थोडं चिकटतं, आणि ३०४ म्हणून खपवलेलं २०२ बहुधा चिकटत नाही. हातातल्या एक्स-रे गनने निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम दिसतात, त्यामुळे २०२, ३०४, ३१६ वेगळे करता येतात. कार्बन तिला दिसत नाही. ३०४ की ३०४एल हे ठरवायला लॅबमध्ये स्पेक्ट्रो (रसायनाची चाचणी) करून घ्यावा लागतो. कलाभवनातून (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) मेटलर्जी शिकून आलेला कुणी ओळखीत असेल तर रिपोर्ट त्याला एकदा दाखवा. आकडे सगळ्यांना वाचता येतात, त्यांतली मेख कळायला शिकलेला माणूस लागतो.

पुढचा माल मागवताना

पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) नुसतं ‘ईएन ८, २५ मिमी’ लिहिलं की व्यापारी गोदामात पुढे असलेला बार देतो, आणि तो आज एका मिलचा, उद्या दुसऱ्या मिलचा. त्याऐवजी एवढं लिहा: ‘ईएन ८, गरम लाटलेला, नॉर्मलाइज केलेला, पील्ड, एकाच हीटचा, ईएन १०२०४ प्रकार ३.१ चं सर्टिफिकेट, बारवर हीट नंबर’. हीट म्हणजे एका वितळणीचा माल, पील्ड म्हणजे साल काढलेला, ३.१ म्हणजे त्याच मालाच्या चाचणीसकट मिलने दिलेलं सर्टिफिकेट. अ‍ॅल्युमिनियमला ‘६०८२-टी६५१ प्लेट, छापासकट’. व्यापारी कुरकुरेल, चार दिवस जास्त मागेल, भावही थोडा चढा लावेल. रिजेक्ट झालेल्या लॉटमध्ये मशीनचे तास किती गेले ते मांडून बघितलं तर हा चढा भाव बहुतेक ठिकाणी स्वस्तच पडतो. अपवाद आहेत. वॉशर, स्पेसर, ढोबळ ब्रॅकेट यांना साधा ब्राइट बार उत्तम. त्यांच्यासाठी हे सगळं मागणं म्हणजे पैसे उधळणं.

एकाच हीटचा माल आला तरी तो दुकानात मिसळतो, हे विसरू नका. वहीतल्या पाच पीसपुढे हीट नंबरचा रकाना जोडा, म्हणजे पुढच्या वेळी तक्रार बारमागे येते की हीटमागे, ते दिसेल. बारच्या ज्या टोकाला छाप किंवा रंग आहे त्याच्या उलट्या टोकाकडून कापायला सुरुवात करा, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत ओळख टिकते. आणि हॅक्सॉशेजारी साठलेले जे बिननावाचे ठोकळे ‘कधीतरी कामाला येतील’ म्हणून ठेवलेत, ते प्रिसिजन जॉबच्या रॅकवरून आजच उचलून फिक्स्चरच्या कामाला लावा.